पंचवीस वर्षांच्या वह्या

एम. ए. भाग २ (मराठी)

वार्षिक अंकासाठी काही तरी लिहून द्या, असे संपादक मंडळातील मुलांनी सांगितले तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. वर्गातील बहुतेक विद्यार्थी माझ्या निम्म्या वयाचे. ते मला 'काका' म्हणतात, आणि थर्ड शिफ्ट करून आलेला हा काका मागच्या बाकावर अधूनमधून डुलक्या घेतो, हे आपल्या प्राध्यापकांनी पाहूनही न पाहिल्यासारखे केले आहे. अशा माणसाने लेखनाविषयी चार शब्द सांगावेत हे काही बरे दिसत नाही. पण त्या मुलांपैकी एकीने जाता जाता प्रश्न टाकला, "काका, तुम्ही पंचवीस वर्षं लिहिताय म्हणे. मग तुमचं पुस्तक कुठलं?" प्रश्न सरळ होता, त्यात टोमणा नव्हता. मला मात्र त्याचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. म्हणून हा लेख.

पुस्तक नाही. घरी पत्र्याच्या ट्रंकेत एकेचाळीस वह्या आहेत. पहिल्या वहीवर २००० साल घातलेले आहे. त्यांतील अकरा लेख आजवर कुठे ना कुठे छापून आले. काही वर्तमानपत्राच्या पुरवणीत, काही तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या दिवाळी अंकांत. मानधन दोनदा आले. त्यातल्या एका मनीऑर्डरीचे पैसे पोस्टमनलाच चहापाण्याला गेले, कारण आमच्या गल्लीत लेखनाची मनीऑर्डर त्याने प्रथमच आणली होती आणि ती त्याने मोठ्याने जाहीर केली होती. हिशेबाने पाहिले तर हा धंदा आतबट्ट्याचा आहे. मग माणूस इतकी वर्षे लिहितो ते कशाच्या बळावर, आणि लिहिल्याने त्याचे नेमके काय होते? माझ्यापुरते मला जे उमगले ते सांगतो.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरीला आहे. 'पंचतारांकित' या शब्दाने बाहेरगावच्या पाहुण्यांची नेहमी फसगत होते. "तिथं मोठं हॉटेल हाय व्हय?" असे माझ्या सासुरवाडीच्या एका म्हाताऱ्याने विचारले होते. हॉटेल नाही, रस्ते, पाणी, वीज वगैरे सोयींनी युक्त म्हणून औद्योगिक वसाहतीला दिलेले ते विशेषण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची, आणि ही वसाहत त्यामानाने अलीकडची. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या माळावर ती पसरली आहे. एका अंगाला पुणे–बंगळूर हमरस्ता, दुसरीकडे पट्टणकोडोली, पलीकडे चांदीच्या दागिन्यांची हुपरी. जिथे आता सूतगिरण्या, फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, तिथे शेते होती. त्यांतील एक आमचे होते. त्याविषयी पुढे सांगेन.

बारावीनंतर मी हेल्पर म्हणून लागलो. इंग्रजी-मराठी बरे लिहितो म्हणून दोन वर्षांत माझ्याकडे शिफ्टचे लॉगबुक आले. माझ्या लेखनाचा पहिला गुरू कोण, असे कुणी विचारले तर मी त्या लॉगबुकाचे नाव घेईन. त्यात लिहायचे ते असे: किती वाजता भट्टी सुरू झाली, किती साचे झाले, किती कास्टिंग नापास झाली, का झाली, कोण गैरहजर. लिहिलेले सकाळी सात वाजता दुसरा माणूस वाचणार आणि त्यावरून काम पुढे चालविणार. तिथे 'भट्टी धगधगत होती' असे लिहून चालत नाही. किती अंश, ते लिहावे लागते. खोटे लिहिले तर दुसऱ्या दिवशी कास्टिंगच बोलते. वाळूत ओल जास्त राहिली की ओतताना तिची वाफ होते, ती धातूत अडकते आणि आत पोकळ्या राहतात. त्याला आम्ही ब्लोहोल म्हणतो. वरून तुकडा कसा गुळगुळीत आणि देखणा दिसतो! मशीनवर चढवून वरचा थर काढला की भोके उघडी पडतात. माझ्या पहिल्या पाच वह्या मी आता वाचतो तेव्हा मला हेच दिसते.

उदाहरण देतो, म्हणजे नुसत्या गप्पा वाटणार नाहीत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भंडारा उधळतात, सारे गाव पिवळे होते. २००१ च्या वहीत त्या यात्रेवर माझी तीन पाने आहेत, आणि त्यात एक वाक्य असे आहे: "सुवर्णवर्णी भंडाऱ्याच्या वर्षावात अवघा आसमंत न्हाऊन निघाला होता." हे वाक्य माझे नाही. म्हणजे हात माझा आहे, पण वाक्य शंभर जणांनी वापरून झिजलेले आहे. २०१४ च्या वहीत त्याच यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची नोंद अशी: "यात्रेहून परतलेला हेल्पर शिफ्टला हजर. कानात अजून भंडारा. हेल्मेटच्या पट्ट्याला पिवळा डाग." यात साहित्यगुण आहेत असा माझा दावा नाही. पण तो हेल्पर मला आजही दिसतो, आणि त्या आसमंतातले मात्र काहीच दिसत नाही. मधल्या तेरा वर्षांत काय झाले असेल, तर एवढेच.

ओतकामातील आणखी एक गोष्ट लेखनाला फार लागू पडते. वितळलेले लोखंड साधारण १४०० अंश सेल्सिअसला साच्यात ओततात. निवताना ते आकसते. आकसताना त्याला वरून आणखी रस मिळाला नाही, तर जाड भागात खड्डा पडतो. म्हणून साच्यावर एक जादा कप्पा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. त्यातला रस कास्टिंगला पुरवला जातो आणि काम झाले की तो रायझर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. नवीन पोराला वाटते, एवढे लोखंड फुकट गेले. ते फुकट नसते. त्याच्याशिवाय तुकडा भरीव झालाच नसता. माझ्या प्रत्येक लेखाचे पहिले दीड पान हा रायझर असतो. तो लिहावाच लागतो, आणि मग तोडावाच लागतो. तोडायला मला दहा वर्षे लागली, कारण स्वतःच्या अक्षराचा मोह वाईट. (या लेखाचाही तोडलेला आहे. तरी थोडा राहिला असेल.)

आता, नोकरी सांभाळून, कुणी सांगितलेले नसताना, सातत्याने लिहीत राहणे ही काही नवी गोष्ट नाही. बी. ए. च्या वर्षी हा इतिहास वाचला तेव्हा मला फार धीर आला. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. वयाच्या पंचविशीत, १८४८ साली, त्यांनी 'लोकहितवादी' या टोपणनावाने मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहायला सुरुवात केली आणि १८५० पर्यंत शंभरावर पत्रे लिहिली. तीच 'शतपत्रे'. विष्णुशास्त्री चिपळूणकर शाळामास्तर होते; १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याने लिहून काढले. १८८२ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय बत्तिसाच्याही आत होते. आपण परीक्षेत त्यांची मते लिहितो, शैलीची वैशिष्ट्ये लिहितो. परंतु महिन्यामागून महिने एकट्याने एक मासिक भरून काढायचे, यात जी हमाली आहे तिच्याविषयी कुठल्याच गाइडात एक ओळ नसते. पुढच्या महिन्याचा अंक कोरा समोर पडलेला आहे आणि डोक्यात काही नाही, अशी रात्र शास्त्रीबुवांच्याही वाट्याला आली असेल की नाही?

साने गुरुजींचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, आणि ती चमत्कारासारखी सांगितली जाते. पण त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात असताना ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत होते. दैनिक, आणि तेही हाताने लिहिलेले. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक कोण, तर वसतिगृहातील मुले. ज्या हाताला रोज पाने भरण्याची अशी सवय आहे, तो तुरुंगात काही दिवसांत पुस्तक लिहितो, यात मला चमत्कारापेक्षा तालीम जास्त दिसते. कोल्हापूरच्या माणसाला तालीम म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. कुस्ती दोन मिनिटांत निकाली होते. जोर-बैठका मात्र पहाटेच्या अंधारात वर्षानुवर्षे काढाव्या लागतात आणि त्याला तिकीट नसते.

हे झाले दूरचे. आमच्या एमआयडीसीच्या तर दोन्ही अंगांना मोठे लेखक आहेत. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. जन्म १९२६ चा. 'वळीव', 'धिंड' यांसारखे कथासंग्रह, 'टारफुला' ही कादंबरी आणि १९७२ च्या 'पिंजरा' चित्रपटाचे संवाद त्यांचे. १९८५ साली नांदेडच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि खुद्द कागलचे आनंद यादव; जन्म १९३५ चा. आमच्या खात्यातील पोरांना 'नटरंग' चित्रपट पाठ आहे, पण तो यादवांच्या १९८० च्या कादंबरीवरून निघाला आणि त्यातला गुणा कागलकर आपल्याच मातीतला, हे सांगितले की ती चकित होतात. एकाने मला विचारले, "म्हंजे आपल्यातल्यावर बी पुस्तक लिवत्यात?" या प्रश्नावर एक प्रबंध होईल.

मला यादवांचे 'गोतावळा' फार उशिरा हाती आले. १९७१ ची ही कादंबरी. शेतावर राबणारा गडी नारबा सगळी हकिगत स्वतःच सांगतो, आणि ती सगळीच्या सगळी गावच्या बोलीत. मालक ट्रॅक्टर आणतो, बैल जातात, आणि ज्या जनावरांच्या गोतावळ्यात या माणसाचे आयुष्य गेले तो गोतावळा उधळतो. ज्या माळावर आता यंत्रे रात्रंदिवस चालतात तिथे बसून मी ते पुस्तक वाचले. त्याने माझ्या डोक्यातला एक गुंता सुटला आणि दुसरा झाला.

सुटला तो असा. तोवर मी वहीत लिहिताना शहाण्यासारखी भाषा लिहीत होतो आणि खात्यात बोलताना वेगळी बोलत होतो. लिहिताना 'विहीर', बोलताना 'हीर'. लिहिताना 'आम्हांला', बोलताना 'आमास्नी'. बोली ही नुसती अशुद्ध मराठी नव्हे, तिच्यात अख्खी कादंबरी उभी राहते, हे मला पुस्तकाच्या आधाराशिवाय पटले नव्हते, हे लाजिरवाणे आहे पण खरे आहे. झाला तो गुंता असा की, आमच्या खात्यातील माणूस आता नारबासारखेही बोलत नाही. तो म्हणतो, "लॅडल भरलीया, मोल्ड क्लोज कर, रनरमदी सँड पडली तर रिजेक्शन तुज्या नावावर घालीन." यातले इंग्रजी शब्द काढले तर ती कामगाराची भाषा राहत नाही, आणि ठेवले तर मास्तर मंडळी म्हणतात, भाषा भ्रष्ट झाली. मी ठेवतो. शेतकऱ्याने नांगराच्या प्रत्येक भागाला नाव दिले, कारण नांगर त्याने स्वतः घडविला. भट्टी आम्ही घडविली नाही. ती नावासकट आली. एवढाच यातला फरक. हा वाद वर्गात पुन्हा निघावा अशी माझी इच्छा आहे, त्या दिवशी मी झोपणार नाही.

मध्येच एक दुर्घटना सांगून टाकतो, कारण नव्या लिहिणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. २००४ ते २००७ या काळात मी वहीतले निवडक लेखन एका ओळखीच्या टायपिंग सेंटरवर बसून संगणकावर उतरविले. सुमारे दोनशे पाने झाली. सीडी करून ट्रंकेत ठेवली आणि, मूर्खपणा माझा, त्या चार वह्या पावसात भिजल्या तेव्हा 'सीडी आहे' म्हणून टाकून दिल्या. पुढे दुसऱ्या संगणकावर सीडी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती भेळ. कारण असे की, त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नव्हताच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चे चित्र बसविलेले असे. तो फॉन्ट त्या यंत्रात नसला की चित्र नाहीसे होते आणि खालचे इंग्रजी अक्षर वर येते. युनिकोड या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५, तो जगातल्या सगळ्या यंत्रांवर तोच. ही पद्धत १९९१ पासून अस्तित्वात होती, देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. कागलच्या त्या सेंटरपर्यंत पोचायला मात्र तिने फार वेळ घेतला. त्या दोनशे पानांतली चाळीसएक पाने पुढे एका मित्राने खटपट करून परत वाचनीय करून दिली. बाकीची गेली. आता मी मोबाइलवरही लिहितो, विशेषतः बसमध्ये. पण रविवारी ते वहीत उतरवून काढतो. उतरवताना एक तृतीयांश मजकूर आपोआप गळतो, हा फायदा वेगळाच.

आता त्या शेताविषयी. खरे म्हणजे हा लेख मला याच्यासाठी लिहावासा वाटला. वरचे सगळे लिहिताना मी याच्याभोवती घुटमळत होतो.

आमची जमीन वसाहतीत गेली तेव्हा मी शाळेत होतो. माझे वडील आणि चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, दोघांच्या नावावर ती होती. पैसे आले. इतके पैसे एकरकमी आमच्या घराण्यात कुणी पाहिले नव्हते. आबांच्या मुलाने वडापासाठी जीप घेतली, ती दोन वर्षांत खड्ड्यात गेली, शब्दशः गेली. लग्नात घोडा, बँड आणि जेवणावळी झाल्या. काही पैसे पत्त्यांत गेले. २०११ साली मी हे सगळे एका दिवाळी अंकासाठी लिहिले. नावे बदलली होती. पण आमच्या गावात नाव बदलून माणूस लपत नाही. जीपचा रंग लिहिला तरी पुरते. अंक आला. चहाच्या टपरीवर कुणीतरी तो लेख मोठ्याने वाचून दाखविला आणि तिथे आबा बसलेले होते. आबांना वाचता येत नाही. त्यांनी तो पूर्ण ऐकला, चहाचे पैसे दिले आणि घरी गेले, असे मला नंतर कळले. दोन दिवसांनी आमच्याकडून गेलेले फराळाचे ताट तसेच्या तसे परत आले.

आबा माझ्याशी पाच वर्षे बोलले नाहीत. माझी आई म्हणाली, "तुला लिवायला दुसरं काय गावलं न्हाई व्हय?" मी तेव्हा तावातावाने सांगत असे की त्यात एक अक्षर खोटे नाही. आणि खरोखरच नव्हते. जीप खरी, घोडा खरा, पत्ते खरे. लेखाची तारीफही झाली. माझ्या अकरा छापील लेखांपैकी तारीफ झालेला हा एकच. तेव्हा लेखकाने निर्भीड असावे वगैरे वाक्ये मी स्वतःशी घोकत असे.

२०१६ च्या २७ नोव्हेंबरला आनंद यादव पुण्यात वारले. त्या आठवड्यात मी 'झोंबी' पुन्हा काढले. आपल्यापैकी ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ते १९८७ साली आले, १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यादवांच्या लहानपणाची आणि शिक्षणाची ती आत्मकथा. पुढे 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' हे तीन भाग आले. त्यात बाप पोराला शाळेतून काढून रानात जुंपतो, मारतो. सगळे लिहिले आहे, काही झाकलेले नाही. मी तर उलट आधारासाठीच पुस्तक काढले होते, की बघा, यादवांनी बापावर लिहिले तर मी चुलत्यावर का लिहू नये? पण वाचता वाचता मला अवघडल्यासारखे झाले. यादवांचा बाप जितका रागावतो तितकाच तो पिचलेलाही दिसतो. घरात खाणारी तोंडे किती, रान कुणाचे, काम किती, हे सगळे पानापानांतून आपल्यापुढे आहे. त्यामुळे बापाचा राग येतो आणि त्याच पानावर त्याची कणवही येते. यादव तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. १९६० च्या 'हिरवे जग'पासून त्यांनी सत्तावीस वर्षे लिहून काढली होती, आणि मग हे पुस्तक आले.

मी उठलो आणि ट्रंकेतून माझा २०११ चा लेख काढला. छापील नव्हे, वहीतला पहिला खर्डा. त्यात एक परिच्छेद होता, जो छापायला देताना मी स्वतः गाळला होता. त्या पैशांतूनच आबांनी माझ्या वडिलांचे मिरजेला ऑपरेशन केले होते. वडिलांच्या वाटणीचे पैसे तोवर संपले होते. आबांनी एका शब्दाने न विचारता पुडके काढून दिले. वडील त्यानंतर सहा वर्षे जगले. हे मी का गाळले, ते मला स्वच्छ आठवते. ते ठेवले असते तर लेखाचा शेवट बोथट झाला असता. उधळपट्टी करणारा माणूस आणि भावाला वाचविणारा माणूस, हे दोघे एका लेखात बसेनात. म्हणून एकाला मी काढून टाकले.

रायझर तोडतो तशी मी काटछाट शिकलो होतो, त्याचा मला अभिमान होता. इथे मी रायझर तोडला नव्हता, कास्टिंगच तोडले होते. खोटे एक अक्षरही न लिहिता लबाडी करता येते, हे मला त्या रात्री कळले. अकरा वर्षे सराव असताना मी हे केले होते, म्हणजे नुसत्या सरावाने हे शहाणपण येत नाही. उलट हात जितका सफाईदार, तितकी ही लबाडी अधिक बेमालूम होते. सुरुवातीच्या वहीतला तो सुवर्णवर्णी भंडारा निदान निरुपद्रवी तरी होता!

मी तो परिच्छेद घालून सगळे पुन्हा लिहिले. ज्या अंकात पहिला लेख आला तो तोवर बंद पडला होता. दुसरीकडे पाठविला तर साभार परत आला, आणि संपादकांची चूक नव्हती, कारण लेख आता खरेच बोथट झाला होता. मग छापण्याचा नाद सोडला. एका रविवारी आबांच्या सोप्यात जाऊन बसलो. त्यांनी 'ये' म्हटले नाही, 'जा' म्हटले नाही. मी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. पाऊण तास लागला. जीपही वाचली, पत्तेही वाचले, मिरजही वाचली. मिरजेपाशी त्यांनी तंबाखू मळायचे थांबविले, आणि पुन्हा मळू लागले. मी संपविल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं हाय. पर त्यात हिरीचं न्हाई."

"कुठल्या हिरीचं, आबा?"

"कुठल्या म्हंजे? आपल्या. आन रानांची नावं बी न्हाईत. मग रान गेलं म्हंतोस ते कुठलं गेलं, वाचणाऱ्याला काय कळंल?"

मला उत्तर सुचले नाही. आमच्या शेताच्या तुकड्यांना नावे होती, हे मला अर्धवट आठवत होते. चिंचेचे पट्टे, टेकाचे, पाणंदीकडचे. आता त्या जागेला ब्लॉक आणि प्लॉट नंबर आहेत, आणि मी रोज त्यातल्याच एका नंबरावर पंचिंग करून आत जातो. नेमके कुठले रान कुठल्या शेडखाली आहे, हे सांगू शकणारी गावात आता चार-पाचच माणसे उरली आहेत. आबा त्यांतले एक. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

तेव्हापासून बहुतेक रविवारी मी जातो. ते सांगतात, मी लिहितो. एकेचाळिसातल्या शेवटच्या सहा वह्या अशा झाल्या आहेत. त्यात कथा नाही, शैली नाही. हद्दी आहेत, बांधावरची झाडे आहेत, कुठल्या ताली कुणाच्या बापाने घातल्या ते आहे, मोटेचे पाणी कुठून कुठे जात होते ते आहे. यातून पुस्तक होईल की नाही, हे त्या मुलीला मी सांगू शकत नाही. आबांना पुस्तकाशी कर्तव्य नाही. पण चुकीचे लिहिलेले त्यांना चालत नाही, आणि मागच्या रविवारचे मी या रविवारी वाचून दाखवावे, असा त्यांचा शिरस्ता आहे. गेल्या खेपेला मी वाचले: "हमरस्त्याकडून आत आले की आधी चिंचेचे पट्टे लागे आणि मग पाणंद."

"न्हाई, न्हाई," आबा म्हणाले. "पयल्यांदा पाणंद. पाणंदीबिगर पट्ट्यात कसा जाशील? खोड ते."

मी ओळ खोडली आणि पाणंदीपासून पुन्हा लिहायला घेतले.